भाषण देऊन ३ टक्के, चर्चा करून ३२ टक्के : माणसाची सवय कशी बदलते हे शोधणारे कर्ट लेविन

सिगारेटच्या पाकिटावर भला मोठा इशारा छापलेला असतो. तो बघत बघतच माणूस पाकीट उघडतो. मीठ कमी खा, रोज चाला, जेवणाआधी हात धुवा, हे आजवर ज्याने ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. माहिती सगळ्यांकडे आहे. मग वागणं का बदलत नाही?

आरोग्य शिक्षणात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. नर्सिंग आणि सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत आज यावर अख्खे धडे आहेत. पण ऐंशीएक वर्षांपूर्वी एका माणसाने हा प्रश्न थेट स्वयंपाकघरात नेऊन तपासला होता. ते डॉक्टर नव्हते आणि आहारतज्ज्ञही नव्हते. हिटलरमुळे देश सोडावा लागलेले ते एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं नाव कर्ट लेविन.

दुकानदाराचा मुलगा, तोफखान्यातला सैनिक

लेविन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० चा, मोगिल्नो या गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते प्रशियात, म्हणजे जर्मन साम्राज्यात होतं. कुटुंब ज्यू. वडिलांचं गावात दुकान होतं. चार भावंडांमध्ये कर्ट दुसरा. मुलांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून १९०५ मध्ये हे कुटुंब बर्लिनला आलं.

कर्टने आधी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, मग म्युनिकमध्ये जीवशास्त्राकडे वळला आणि शेवटी बर्लिन विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्रात रमला. पीएचडीचं काम संपत आलं आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. लेविन जर्मन सैन्याच्या तोफखान्यात भरती झाले, आघाडीवर लढले आणि जखमी झाले.

याच काळात, १९१७ मध्ये, त्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता युद्धभूमी सैनिकाला कशी दिसते. शांततेच्या काळात सगळीकडे सारखाच पसरलेला माळ आघाडी जवळ आली की बदलतो. त्याला पुढची आणि मागची बाजू येते, कुठेतरी हद्द येते. खड्डा हा खड्डा राहत नाही, तो आडोसा होतो. घरातलं फर्निचर सरपण होतं. जमीन तीच असते, पण माणूस ज्या परिस्थितीत असतो त्याप्रमाणे तिचा अर्थ बदलतो.

पुढे आयुष्यभर लेविन हेच वेगवेगळ्या प्रकारे मांडत राहिले. माणसाचं वागणं फक्त त्याच्या स्वभावावर ठरत नाही आणि फक्त परिस्थितीवरही नाही. दोन्ही मिळून ते ठरतं. आज हे साधं वाटतं. पण एखादा माणूस सल्ला ऐकत नाही म्हटल्यावर आपण लगेच त्याला आळशी किंवा अडाणी ठरवतो, तेव्हा नेमकं हेच विसरलेलो असतो.

बर्लिनचा कॅफे आणि हातातून गेलेला देश

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये लेविन यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा अड्डा जमायचा. त्यात मुलींची संख्या मोठी होती, आणि अनेक जणी रशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या होत्या. संस्थेजवळच्या कॅफेत तासन्‌तास गप्पा चालायच्या. असं सांगतात की तिथल्या एका वेटरला पैसे देणं बाकी असलेल्या ग्राहकांची ऑर्डर तोंडपाठ असायची, पण बिल चुकतं झालं की तो सगळं विसरायचा. यावरूनच अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं का, हा प्रश्न निघाला. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने त्यावर प्रयोग केले. वेब सिरीजचा एपिसोड ऐन मोक्याच्या जागी का संपवतात, हे समजावताना आजही तिचंच नाव घेतलं जातं.

लेविन यांचं नाव परदेशात पोहोचलं होतं, पण जर्मनीत ज्यू माणसाला पूर्ण प्राध्यापकपद मिळणं जवळपास अशक्य होतं. १९३२ मध्ये ते पाहुणे प्राध्यापक म्हणून अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. तिथून जपान आणि सोव्हिएत रशियामार्गे घरी परतत असतानाच, जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला.

ज्या देशासाठी ते लढले आणि जखमी झाले, तो देश आता त्यांना आपलं मानणार नव्हता. त्याच वर्षी पत्नी गर्ट्रूड आणि लहान मुलांसह ते अमेरिकेला गेले. वय ४३, इंग्रजी कच्चं, आणि कायमची नोकरी नाही.

पहिली दोन वर्षं कॉर्नेल विद्यापीठात गेली, तीही गृहविज्ञान विभागात. तिथे लहान मुलं जेवताना काय खातात, काय नाकारतात आणि मोठ्यांच्या दबावाचा त्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्यांनी केला. बर्लिनच्या नामवंत मानसशास्त्रज्ञाने बालवाडीतल्या मुलांच्या ताटात डोकावणं तेव्हा काहींना विचित्र वाटलं असेल. पण पुढच्या प्रयोगाची पायाभरणी कदाचित तिथेच झाली. १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात गेले.

कलेजी, गुर्दे आणि महायुद्ध

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि मांसाचा प्रश्न उभा राहिला. चांगलं मांस सैनिकांसाठी आणि मित्रराष्ट्रांसाठी जहाजांतून चाललं होतं. मार्च १९४३ पासून देशात मांसाचं रेशनिंग सुरू झालं. मागे राहत होते ते गुरांचे काळीज, गुर्दे आणि थायमस ग्रंथी यांसारखे अवयव. त्यांत पोषणमूल्य भरपूर, पण मध्यमवर्गीय अमेरिकन घरात त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं जायचं. (वजडी आणि कलेजीवर ताव मारणाऱ्यांना हे पटणार नाही, पण तिथे तसंच होतं.)

लोकांच्या खाण्याच्या सवयी कशा बदलायच्या, यासाठी तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एक समिती नेमली होती. प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या सचिव होत्या. या समितीसाठी लेविन यांनी आयोवात प्रयोग हाती घेतले.

रेड क्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. प्रत्येक गटात १३ ते १७ गृहिणी. वेळ सगळ्यांना सारखाच, ४५ मिनिटं.

तीन गटांना भाषण देण्यात आलं. भाषण काही रटाळ नव्हतं. युद्धात अन्नाचं महत्त्व काय, या मांसात कोणती जीवनसत्त्वं आणि खनिजं आहेत, खर्च किती कमी येतो, हे तक्त्यांसह समजावलं गेलं. वास आणि चव कशी झाकायची हेही सांगितलं. भाषण देणाऱ्या बाईंनी स्वतःच्या घरी हे पदार्थ कसे केले आणि घरच्यांनी ते कसे आवडीने खाल्ले, याची गोष्ट सांगितली. शेवटी छापील पाककृती वाटल्या. आजच्या कोणत्याही जनजागृती मोहिमेत जे जे असतं, ते सगळं त्यात होतं.

उरलेल्या तीन गटांमध्ये लेविन यांचे सहकारी ॲलेक्स बॅव्हेलस यांनी थोडक्यात प्रस्तावना केली आणि मग बायकांनाच बोलतं केलं. तुमच्यासारख्या गृहिणींना हे मांस शिजवायला सांगितलं तर काय अडचणी येतील, असं विचारलं. मग अडचणी बाहेर पडू लागल्या. नवरा हात लावणार नाही. शिजताना घरभर वास सुटतो. मुलं तोंड वाकडं करतील. अडचणी मांडून झाल्यावरच आहारतज्ज्ञाने उपाय आणि पाककृती दिल्या. म्हणजे माहिती जवळपास तीच होती, पण ती आली बायकांनी स्वतः मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. शेवटी येत्या आठवड्यात यातलं एखादं मांस घरी करून बघायला कोण तयार आहे, असं विचारून हात वर करायला सांगितलं.

आठवड्याने घरोघरी चौकशी झाली. भाषण ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी आधी कधीही न केलेलं मांस शिजवलं होतं. चर्चा करून हात वर केलेल्या गटांत हे प्रमाण ३२ टक्के होतं.

असाच प्रयोग पहिल्यांदा आई झालेल्या बायकांवरही झाला. बाळाला कॉड लिव्हर ऑइल आणि संत्र्याचा रस द्यायला सांगायचं होतं. काही आयांना आहारतज्ज्ञाने एकेकटीला वीस-पंचवीस मिनिटं समजावलं. काहींना सहा-सहा जणींच्या गटात बसवून, अख्ख्या गटाला मिळून तेवढाच वेळ दिला. म्हणजे गटातल्या एकेकीच्या वाट्याला तज्ज्ञाची जेमतेम चार मिनिटं आली. तरी चार आठवड्यांनी सल्ला पाळण्यात गटातल्या आयाच पुढे होत्या. ओपीडीत रांग लावून एकेकाला तोच सल्ला देऊन थकलेल्या कुणालाही हा निकाल विचार करायला लावेल.

याच अभ्यासातून लेविन यांनी आणखी एक शब्द रूढ केला, तो म्हणजे ‘गेटकीपर’. अन्न ताटात येण्याआधी दुकान, बाग, फ्रीज अशा वाटांनी प्रवास करतं आणि प्रत्येक वाटेवर कुणीतरी दारवान असतो. आयोवात तो दारवान बहुतेक वेळा घरातली बाई होती. म्हणून कुटुंबाचं खाणं बदलायचं असेल तर अख्ख्या गावापुढे भाषण करण्याआधी दारावर कोण उभं आहे ते शोधावं लागतं. ती बाईही एकटी निर्णय घेत नाही, नवऱ्याची आवड आणि मैत्रिणींचं मत तिच्या मागे उभं असतं, हे त्यांनी सोडलं नाही.

शिकणं म्हणजे नक्की काय?

१९४२ मध्ये लेविन यांनी शिकण्यावर एक लेख लिहिला. त्यांची तक्रार अशी होती की ‘शिकणं’ या एकाच शब्दाखाली आपण भलत्याच वेगळ्या गोष्टी कोंबतो. ज्ञानात होणारा बदल ही एक गोष्ट. आवडीनिवडीत होणारा बदल ही दुसरी. आपण कोणत्या गटाचे आहोत आणि त्या गटाची मूल्यं काय, यातला बदल ही तिसरी. शरीराच्या हालचालींवर ताबा मिळवणं ही चौथी. प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत, म्हणून एकाच पद्धतीने सगळं शिकवता येत नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. ज्ञानात्मक, भावात्मक आणि क्रियात्मक ही शिकण्याची तीन क्षेत्रं त्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेली असतात. ती बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या नावाने ओळखली जातात आणि त्यांचा पहिला ग्रंथ आला १९५६ मध्ये. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन का घ्यायचं ते कळणं वेगळं, सुईची भीती जाऊन ते स्वीकारणं वेगळं आणि हात न थरथरता सुई टोचता येणं वेगळं. लेविन यांच्या यादीतली तिसरी गोष्ट, म्हणजे गट, या तीन क्षेत्रांत ठळकपणे दिसत नाही. माझ्या मते ही उणीव छोटी नाही. आपल्या घरात गोड नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान, असं मानणाऱ्या कुटुंबातला रुग्ण पहिली तिन्ही क्षेत्रं पार करूनही लग्नाच्या पंगतीत हरतो.

शेवटची वर्षं

हे सगळं चालू असताना लेविन यांची आई युरोपात अडकलेली होती. ती जर्मनीतून हॉलंडला गेली होती. तिला बाहेर काढण्यासाठी त्यांनी जंग जंग पछाडलं. यश आलं नाही. नाझींनी तिला संहारछावणीत मारलं.

युद्ध संपताना लेविन यांनी एमआयटीमध्ये समूहांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं आणि वंशद्वेषाविरुद्धच्या कामात स्वतःला झोकून दिलं. १९४६ च्या उन्हाळ्यात त्यांनी कनेक्टिकटमध्ये समाजात काम करणाऱ्यांसाठी एक कार्यशाळा घेतली. दिवसभर गटांत काय घडलं याची चर्चा संध्याकाळी संशोधक आपापसांत करायचे. एकदा काही प्रशिक्षणार्थींनी त्या बैठकीला बसू द्यायची विनंती केली आणि लेविन यांनी परवानगी दिली. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐकून लोक चकित झाले, काहींनी निरीक्षणं खोडून काढली, आणि सगळ्यात जास्त शिकणं त्या खोलीतच झालं. आज जगभर प्रशिक्षणात फीडबॅक घेतात, त्याचं एक मूळ या बैठकीत आहे.

१२ फेब्रुवारी १९४७ ला हृदयविकाराच्या झटक्याने लेविन गेले. वय होतं ५६. सवयी आधी वितळवायच्या, मग बदलायच्या आणि पुन्हा गोठवायच्या, हा त्यांचा प्रसिद्ध तीन टप्प्यांचा विचार ज्या लेखात आहे, तो त्याच वर्षी छापला गेला.

पुढच्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडं आलं. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढण्याची सोय होती, तरी बरेच लोक येत नव्हते. तिथल्या लेविन यांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलं. गॉडफ्रे हॉकबाम यांनी तीन शहरांतल्या १,२०० हून अधिक लोकांना प्रश्न विचारले. आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि लवकर कळलं तर फायदा आहे, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न मानणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. यातूनच ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभं राहिलं.

आयोवाच्या प्रयोगावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. नंतर चौकशी होणार हे चर्चेच्या गटांना माहीत होतं, भाषणाच्या गटांना नव्हतं. शिवाय चर्चा, निर्णय, चारचौघांत हात वर करणं, सगळं एकत्र मिसळलेलं होतं. मग नेमकं कशाने काम केलं? १९५५ मध्ये एडिथ बेनेट या संशोधिकेने विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे घटक सुटे केले. एकट्या चर्चेने भाषणापेक्षा जास्त फरक पडला नाही. हात जाहीरपणे वर केला की गुपचूप होकार दिला, यानेही नाही. फरक पडला तो दोन गोष्टींनी : माणसाला त्याच वेळी ठरवायला लावलं का, आणि आपल्या गटातल्या जवळपास सगळ्यांनी हेच ठरवलंय असं त्याला वाटलं का.