शिक्का पुसणारा शाहीर : अण्णा भाऊ साठे

माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो का? इंग्रज सरकार म्हणायचं, हो! १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर तसा शिक्का मारला होता. त्या काळात आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावी, मांग समाजात, १ ऑगस्ट १९२० ला तुकाराम साठे जन्मले. तेच आपले अण्णा भाऊ.

शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले आणि अक्षरओळखही तिथेच वाढवली. १९४४ ला अमर शेख, गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. आपल्या खानदेशाशीही त्यांचं नातं आहे बरं का! १९४६ ला अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा त्या हुतात्म्यांवर त्यांनी पोवाडा रचला.

मला मात्र ते भेटले 'फकिरा'त. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५९ ला आलेली ही कादंबरी. दुष्काळात माणसं उपाशी मरताना बघून फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिन्यावर हात टाकतो. सरकार सगळ्या मांगांना रोजच्या हजेरीत अडकवतं. जात काही इंग्रजांनी आणली नाही. गाव मांगाकडून राखण करून घ्यायचं आणि त्याला शिवेवरच ठेवायचं. इंग्रजांनी तीच जात रजिस्टरात लिहून तिचा गुन्हा केला. अण्णा भाऊंनी सरकारी दप्तरातल्या दरोडेखोराला बंडखोर म्हणून उभं केलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय घडलं? ज्या भिल्लांना साहेब लुटारू म्हणत, त्यांचीच पलटण औटरामने १८२५ ला धरणगावात उभारली. म्हणजे शिक्का सरकारच्या सोयीचा!

तो कायदा १९५२ ला रद्द झाला. पण मी राहायचो त्या होस्टेलवर एकाचा मोबाईल हरवला, तेव्हा पहिली झडती कोणाच्या पेटीची झाली? आडनाव ऐकूनच ठरलं होतं. मोबाईल नंतर मालकाच्याच गादीखाली सापडला. माफी कोणीच मागितली नाही.

'फकिरा'ला १९६१ ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाही बघून आले. तरी गरिबी सुटली नाही. १८ जुलै १९६९ ला, पन्नाशीही न गाठता, ते गेले.

सबमिशन संपलं की लायब्ररीतून 'फकिरा' घ्या. कायद्याने पुसलेला शिक्का आपल्या डोक्यात कुठे उरलाय, ते आपलं आपल्याला कळतं.