कारेल चापेक : बोलक्या सॅलमँडरांचा निर्माता

पंचतंत्रातील कोल्हा माणसासारखा बोलतो. पण तो बोलावयास कसा शिकला, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. बोधकथेच्या संकेतात त्याची वाणी गृहीतच धरलेली असते. विज्ञानकथेला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच्या उत्तरावर एक संपूर्ण कादंबरी उभारणारा लेखक म्हणजे चेक साहित्यिक कारेल चापेक.

त्याचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी बोहेमियातील माले स्वातोन्योविट्से ह्या गावी झाला. वडील डॉक्टर होते. थोरला भाऊ योसेफ पुढे चित्रकार व लेखक म्हणून नावारूपास आला. प्राग येथे, आणि काही काळ बर्लिन व पॅरिस येथे, शिक्षण घेऊन कारेलने १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तारुण्यातच जडलेल्या पाठीच्या कण्याच्या विकारामुळे पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात जावे लागले नाही. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. ह्या नव्या प्रजासत्ताकाचे संस्थापक मासारिक हे त्याचे स्नेही होते. त्यांच्याशी झालेले संवादही त्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. चरितार्थासाठी पत्करलेली पत्रकारिता त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.

१९२० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकाने त्याला जागतिक कीर्ती दिली. त्यातील कृत्रिम कामगारांसाठी ‘रोबोट’ हे नाव योसेफने सुचविले; ज्या चेक शब्दावरून ते आले, त्याचा अर्थ वेठबिगार. पाठोपाठ दोघा भावांनी मिळून कीटकसृष्टीवरील नाटक लिहिले. त्यातील फुलपाखरे, भुंगेरे व मुंग्या ह्यांच्या रूपाने माणसाची चंचलता, लोभ आणि युद्धज्वर रंगभूमीवर अवतरतात. येथे प्राणी हे अद्याप मुखवटेच आहेत. बोधकथेची रीत चापेकने अजून सोडलेली नाही.

ती रीत त्याने ओलांडली ‘सॅलमँडरांशी युद्ध’ (१९३६) ह्या कादंबरीत. तिचे मूळ विज्ञानाच्या इतिहासातील एका गमतीदार प्रमादात आहे. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शॉइख्त्सर ह्याने १७२६ मध्ये एका जीवाश्माचा संबंध बायबलमधील महाप्रलयात बुडालेल्या माणसाशी जोडला होता. तो एका महाकाय सॅलमँडराचा सांगाडा आहे, हे पुढे क्युव्हिएने दाखवून दिले. चापेकच्या कादंबरीत ह्याच जातीचे उभयचर सुमात्राजवळच्या एका बेटावर जिवंत सापडतात. एक कप्तान त्यांना शार्कशी लढण्यासाठी सुरे देतो आणि मोबदल्यात मोती घेतो. पुढे व्यापारी कंपन्या त्यांची विक्री करू लागतात, राष्ट्रे त्यांना शस्त्रे पुरवितात, विद्वान त्यांच्यावर प्रबंध लिहितात.

सॅलमँडर बोलू लागतात ते माणसांचे ऐकून आणि त्यांची वृत्तपत्रे वाचून. त्यांना शिकविले जाते ते केवळ धन्याच्या उपयोगाचे; म्हणून ते माणसाचे श्रम, बाजार आणि युद्ध आत्मसात करतात. काव्य वा करुणा त्यांच्या वाट्याला येत नाही. प्राण्याचे मानवीकरण ही येथे अलंकाराची बाब राहिलेली नाही. ती एक ऐतिहासिक घटना होते व तिची जबाबदारी माणसावर येते. म्हणूनच कादंबरीचा मोठा भाग वृत्तपत्रीय कात्रणे, अहवाल व तळटीपा ह्यांनी व्यापला आहे. बाल्टिक समुद्रातील सॅलमँडर अधिक श्रेष्ठ वंशाचे असल्याचा जर्मन पंडितांचा दावाही त्यात येतो. नाझी वंशसिद्धान्ताचे हे विडंबन उघड होते. किनारे बुडविणाऱ्या सॅलमँडरांचा सरदार मुळात एक माणूसच आहे, असे अखेरीस सूचित होते.

ह्या कठोरतेमागे प्राण्यांविषयीचा तिटकारा नव्हता. आपल्या कुत्रीच्या पिलावर चापेकने १९३३ मध्ये मुलांसाठी लिहिलेले पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले.

सप्टेंबर १९३८ मधील म्युनिक कराराने चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले. निंदानालस्ती सोसूनही चापेकने देश सोडला नाही. २५ डिसेंबर १९३८ रोजी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. योसेफला त्याच वर्षी अटक झाली आणि १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत तो मरण पावला. माणसाकडून प्राणी काय शिकेल, हा चापेकचा प्रश्न वस्तुतः माणसाला उद्देशूनच होता, ह्याची साक्ष त्याच्या स्वतःच्या कुटुंबालाच द्यावी लागली.