जुन्या नौकेचा साचा

घरातली जुनी वस्तू मोडीत काढायची वेळ आली की घरोघरी दोन पक्ष पडतात. एकाला ती अडगळ वाटते, दुसऱ्याला ती वाडवडिलांची आठवण वाटते. फ्रान्समधील ताबार्ली कुटुंबात अशी वस्तू होती पंधरा मीटर लांबीची, शर्यतीची शिडाची नौका.

एरिक ताबार्लीचा जन्म २४ जुलै १९३१ रोजी नांत शहरी झाला. १९३८ मध्ये वडिलांनी ही नौका घेतली, तेव्हा तिचेच वय चाळीस होते. विल्यम फाइफ या नामवंत स्कॉटिश आरेखनकाराने ती रेखली आणि १८९८ मध्ये ती आयर्लंडमध्ये बांधली गेली. तिचे मूळ नाव ‘यम’! इंग्रजांना त्यात काही वावगे वाटले नसावे. आपल्या कानाला मात्र ते खटकते. पुढे ती ‘पेन ड्युइक’ झाली. ब्रिटनी प्रांताच्या भाषेत हे काळ्या डोक्याच्या एका चिमुकल्या पक्ष्याचे नाव आहे. पोर तिच्यावरच शीड हाताळायला शिकले.

मग युद्ध आले. नौका पडून राहिली, लाकूड कुजू लागले. वडिलांनी ती विकायला काढली, पण गिऱ्हाईक मिळेना. अखेर १९५२ मध्ये त्यांनी ती मुलालाच देऊन टाकली. मी बँकेत असताना पुरता घसारा काढलेली यंत्रे वहीत एक रुपया किमतीने दाखवलेली पाहिली आहेत. ‘पेन ड्युइक’ची गत तीच होती. एरिक तेव्हा नौदलात होता. वैमानिक म्हणून इंडोचायनात असताना त्याने पगारातून पैसे बाजूला टाकले, केवळ या नौकेसाठी. परत येऊन तपासणी केली तर कारागिरांचे निदान एकच : धड गेलेले आहे, दुरुस्ती व्हायची नाही.

इथे त्याला जे सुचले, त्यासाठी मला हा माणूस मोठा वाटतो. लाकूड मेले होते, पण फाइफने दिलेला आकार कुठे मेला होता? मग त्या कुजक्या नौकेलाच साचा का करू नये?

शाळेत आपण वाटी पालथी घालून तिच्यावर खळीत भिजवलेले कागद थरावर थर चिकटवतो. वाळल्यावर वाटी काढून घेतली की कागदाची वाटी तयार. ला त्रिनिते-स्यूर-मेर या बंदरगावी कोस्तांतिनी यांच्या कारखान्यात १९५८ मध्ये नेमके हेच झाले. कागदाच्या जागी काचतंतूंचे कापड आणि खळीच्या जागी पॉलिएस्टर राळ. ऐकायला सोपे आहे, पण ही राळ फार वेळ थांबत नाही. तीत घट्ट करणारे रसायन मिसळले की ठराविक वेळात काम उरकावे लागते. थरांत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कच्ची. शिवाय तो उग्र वास डोक्यात भिनतो. एरिक स्वतः या कामात राबला. कवच पक्के झाले, आतले लाकूड काढून टाकले आणि फाइफची रेषा काचेच्या अंगात उतरली. इतक्या मोठ्या नौकेला हा पदार्थ वापरण्याचे धाडस त्या काळी विरळाच. आज कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या सर्रास दिसतात, तेव्हा त्यात नवल काय, असे वाटेल. पण १९५८ साली ते नवलच होते.

पुढची कहाणी जगाला ठाऊक आहे. १९६४ मध्ये प्लायवूडची ‘पेन ड्युइक-२’ घेऊन त्याने अटलांटिक पार करण्याची एकट्याची शर्यत २७ दिवसांत जिंकली. वाटेत स्वयंचलित सुकाणू बिघडले होते, तरीही फ्रान्सिस चिचेस्टर जवळजवळ तीन दिवस मागे राहिला. द गॉल यांनी सन्मान केला आणि शिडाच्या शर्यतीकडे फारसे न पाहणारा देश त्या खेळासाठी वेडा झाला. नंतर ॲल्युमिनियमच्या नौका आल्या, १९७६ मध्ये तीच शर्यत पुन्हा जिंकली, १९८० मध्ये अटलांटिकचा पंचाहत्तर वर्षांचा विक्रमही मोडला. नवनव्या नौकांच्या या गर्दीतही तो पहिलीला विसरला नाही. १९८३ ते १९८९ या काळात त्याने तिची पुन्हा डागडुजी केली.

मे १९९८ मध्ये ब्रिटनीत तिची शंभरी थाटात साजरी झाली. मग फाइफच्या नौकांच्या स्कॉटलंडमधील मेळाव्यासाठी तो तिला घेऊन निघाला. १२ ते १३ जूनच्या रात्री वेल्सच्या किनाऱ्याजवळ शिडे बदलताना, शिडाला वरून ताणून धरणारा लाकडी वासा त्याच्यावर आदळला आणि तो काळोखात पाण्यात फेकला गेला. अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. ते घालायची त्याला सवयच नव्हती. सोबत्यांना तो सापडला नाही. पाच आठवड्यांनी एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात त्याचा मृतदेह आला.

सहासष्ट वर्षांचा होता. ज्या नौकेला त्याने सरणावरून उठवले, तिच्याचवरून तो गेला. नौकेला मात्र काही झाले नव्हते. १९५८ साली चढवलेल्या त्याच कवचानिशी ती अजून पाण्यात उतरते.