गामाचा खुराक कोणी पुरविला?

मराठी घरांत एखादे पोर फार मस्ती करू लागले, की स्वतःला गामा समजतोस काय, असा दम त्याला देण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. दम देणाऱ्यांनी गामाला कधी पाहिलेले नसे आणि तो कोण, कोठला हेही बहुतेकांस ठाऊक नसे. एका माणसाचे विशेषनाम त्याच्या हयातीतच सामान्यनाम व्हावे, आणि तेही परक्या भाषेत, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. परंतु ज्याचे नाव असे घरोघर पोहोचले, त्या माणसाचा संसार कोणाच्या पैशावर चालत होता, याची चौकशी मात्र फारशी झालेली दिसत नाही.

गुलाम मुहंमद बक्ष ऊर्फ गामा याचा जन्म १८७८ चा. घराणे अमृतसरकडील काश्मिरी मुसलमान मल्लांचे. वडील अझीझ बक्ष हेही पहिलवान. गामा सहा वर्षांचा असताना ते वारले आणि मुलाच्या तालमीची जबाबदारी आजोळच्या माणसांनी उचलली. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरविली. तीत चारशेहून अधिक मल्ल उतरले होते, असे सांगतात. हा दहा वर्षांचा मुलगा अखेरच्या पंधरांत टिकून राहिला, तेव्हा त्याचे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. पुढे बुंदेलखंडातील दतिया संस्थानच्या महाराजांनी त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले, आणि त्याच्या आयुष्याचे आर्थिक गणित तेथेच ठरून गेले.

कुस्ती हा गरिबांचा खेळ, असे आपण सहजपणे म्हणतो. लंगोट आणि तांबडी माती यांपलीकडे तिला लागते काय? वस्तुतः अव्वल दर्जाचा मल्ल घडविण्याइतका खर्चिक उद्योग त्या काळी क्वचितच दुसरा असेल. रोज हजारोंनी जोर-बैठका काढावयाच्या, एकामागून एक जोडीदारांशी झुंजावयाचे, आणि त्यासाठी शेरांनी मोजावे इतके दूध, तूप, बदाम आणि मांसाचा रस रिचवावयाचा. वस्ताद, जोडीदार, मालिश करणारे, या साऱ्यांची पोटेही त्याच खर्चात आली. वीस वर्षे अशी गुंतवणूक करावी तेव्हा दहा-पंधरा वर्षांचे बळ हाती लागते, आणि खुराक थांबला की ते भांडवल झिजू लागते. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. हा भार संस्थानिकांचे खजिने उचलीत, म्हणजे अखेरीस त्या त्या संस्थानची रयत उचलीत असे.

गामाचे नाव प्रथम गाजले ते रहीमबक्ष सुलतानीवाला याच्याशी झालेल्या कुस्तीने. गुजरानवाल्याचा हा मल्ल उंचीने सात फुटांच्या घरात. गामा जेमतेम पाच फूट सात-आठ इंच. जुनागडला हा विशीच्याही आतला तरुण त्याच्यापुढे उभा राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. दंतकथांचा आरंभही याच सुमाराचा. बडोद्याच्या संग्रहालयात एक शिळा ठेवलेली आहे. १९०२ साली गामाने ती उचलली असे सांगतात आणि तिचे वजन १२०० किलो दिले जाते. आजच्या जागतिक भारोत्तोलनात डोक्यावर तोललेल्या वजनाचा विक्रम २७५ किलोंच्याही आत आहे. तेव्हा शिळा कलविली असेल, हलविली असेल. उचलली हे भक्तांचे म्हणणे झाले. गामाचे मोठेपण या शिळेवर अवलंबून नाही.

ते सिद्ध झाले १९१० साली, लंडनमध्ये. बेंजामिन नावाच्या इंग्रज व्यवस्थापकाने काही हिंदी मल्ल विलायतेस नेले. त्यांत गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष हे होते. खर्चाचा भार शरत्कुमार मित्र या धनिक बंगाली गृहस्थाने उचलला. वंगभंगाच्या चळवळीची धग तेव्हा निवालेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या औदार्याचा अर्थ लागतो. तिकडे मात्र वेगळाच बाजार होता. कुस्ती तेथे तिकिटांवर जगत होती, आणि निकाल आधीच ठरलेल्या लढतीही त्या धंद्यात पुष्कळ चालत. गामाची उंची भरत नाही म्हणून त्याला स्पर्धेत घेतले नाही. तेव्हा कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना अर्ध्या तासात पाडून दाखवीन, असे जाहीर आव्हान त्याने दिले. प्रथम कोणी ते गंभीरपणे घेतले नाही. अखेर अमेरिकेचा डॉक्टर बेंजामिन रोलर पुढे आला. गामाने त्याला दोनदा चीत केले, त्यांत पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत.

१० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झिबिस्कोशी गाठ पडली. पैज २५० पौंडांची, शिवाय जॉन बुल पट्टा. झिबिस्को वजनाने कितीतरी भारी होता. आरंभीच गामाने त्याला खाली घेतला, आणि हा धिप्पाड गडी जो गादीला पोट चिकटवून पडला तो अडीच तासांहून अधिक वेळ जवळजवळ तसाच. पाठ लागल्याखेरीज चीत नाही, हा नियम त्याने ढालीसारखा वापरला. प्रेक्षक कंटाळले. कुस्ती अनिर्णित ठरवून १७ सप्टेंबर ही पुढील तारीख दिली गेली. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. गॉच, हॅकेनश्मिट या नामांकितांशी त्याची गाठ कधीच पडली नाही, आणि त्यात गामाचा दोष नव्हता. दोन मिनिटांत खेळ आटोपणारा मल्ल तिकीट विकणाऱ्यांनाही फारसा परवडणारा नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे.

परतल्यावर अलाहाबादेत त्याने रहीमबक्षला हरविले आणि रुस्तुम-ए-हिंद हा किताब निर्विवादपणे त्याचा झाला. त्या वेळी संस्थानी आखाडे ऐन भरात होते. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात बांधविलेल्या खासबाग मैदानाच्या उद्घाटनाला १९१२ साली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांचीच जोड लावली गेली. गामाला पुढे पतियाळाच्या भूपिंदरसिंग महाराजांचा आश्रय लाभला. १९२८ च्या जानेवारीत महाराजांनी झिबिस्कोला पतियाळास बोलावले आणि जुना हिशेब मिटविण्याची संधी गामाला दिली. दोघेही आता पन्नाशीला टेकलेले. या खेपेस मात्र पायांखाली माती होती. कुस्ती एका मिनिटाच्या आत निकालात निघाली. महाराजांनी चांदीची गदा दिली. गदेने मान वाढतो. घरखर्च चालत नाही.

१९४७ साली गामा लाहोरात होता. दंग्यांच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांच्या रक्षणार्थ तो साथीदारांसह उभा राहिला आणि पुढे त्यांना सीमेपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्थाही त्याने केली, असे त्या काळच्या हकिकतींत येते. पतियाळा सीमेपलीकडे राहिले. अर्थात फाळणी झाली नसती तरी त्याचा योगक्षेम चालला असता, असे मानण्याचे कारण नाही. संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्याबरोबर पदरी मल्ल बाळगण्याची प्रथाही गेली. प्रजेचा पैसा एका माणसाच्या बदामांवर खर्च होऊ नये, हे न्याय्यच होते. परंतु ज्यांनी त्याच प्रथेवर विसंबून आयुष्य वेचले होते, त्यांच्यासाठी दोन्ही देशांतल्या नव्या राज्यकर्त्यांनी वेळेवर कोणतीही व्यवस्था लावली नाही. गामाचे मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. दमा आणि हृदयविकार यांनी शरीर पोखरले. एकाही गाजलेल्या कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली नाही, त्याच्यावर औषधपाण्यासाठी दुसऱ्याकडे पाहण्याची वेळ आली. पाकिस्तान सरकारची मदत काहीशी उशिरा मिळाली. भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी काही रक्कम आणि दरमहा ३०० रुपये पाठविण्याची व्यवस्था केली.

२३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामाचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात भारत सरकारने राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन केली. बैठका काढताना गामा गळ्यात अडकवीत असे ते सुमारे ९५ किलो वजनाचे कडे त्या संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.