मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: अंदाजे इ.स. १५४८, इथिओपिया, मृत्यू: मे १६२६) हा अहमदनगरच्या (सध्याचे अहिल्यानगर) निजामशाहीचा हबशी वजीर व सेनानी होता. हबशी, दखनी मुसलमान व मराठे यांना एकत्र आणून त्याने ही सत्ता पाव शतक टिकवली.

पूर्वजीवन

त्याचे मूळ नाव चापू. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी हबशी गुलाम होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला व काही काळ आदिलशाहीच्या चाकरीत राहून १५९५च्या सुमारास अहमदनगरला परतला.

दरबारातील गट

दख्खनेत पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेले दखनी आणि इराण-तुराणातून नव्याने आलेले आफाकी यांच्यात मानमरातबावरून वैर होते. १५८९ मध्ये अहमदनगरात आफाकींची कत्तल झाली. १५९५च्या वारसातंट्यात दखनी सरदार मियाँ मंजू याने हबशी गटाविरुद्ध मोगलांनाच पाचारण केले. अखेर १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेला.

कारकीर्द

अंबरने परांड्यास दुसऱ्या मुर्तझा निजामशाहास गादीवर बसवले व त्याला आपली मुलगी दिली. मोगलांशी गनिमी काव्याने लढण्यासाठी त्याने मराठा घोडदळावर भिस्त ठेवली. शेतसाऱ्याची मक्तेदारी बंद करून जमिनीच्या प्रतीनुसार सारा ठरवल्याने रयतेलाही त्याच्या राज्याची शाश्वती वाटू लागली. ही पद्धत मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाते. १६१० मध्ये त्याने खडकी (नंतरचे औरंगाबाद) वसवली.

हा विश्वास अभंग नव्हता. लखुजी जाधवराव मोगलांना मिळाले. मात्र १६२४ मध्ये अहमदनगरजवळील भातवडी येथे मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव करताना शहाजी भोसले अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथे मारले गेले. त्यानंतर शहाजीही काही काळ आदिलशाहीत गेले.

मृत्यू व परिणाम

अंबरची कबर खुलताबादेत आहे. या गटांचा सलोखा बराचसा त्याच्या व्यक्तिगत वजनावर उभा होता. १६२९ मध्ये निजामशाहीत परतलेल्या लखुजींची दौलताबादेस निजामशाहाच्या आज्ञेने हत्या झाली आणि मराठा सरदारांचा दरबारावरील भरवसा उडाला. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली.