विश्लेषण : अजिंठ्याची चित्रं लंडनच्या रंगमंचावर नेणाऱ्या ॲना पावलोव्हा कोण होत्या?

यावल, रावेर, भुसावळ परिसरातल्या माणसाला अजिंठा नवा नाही. शाळेची सहल, बाहेरगावच्या पाहुण्यांना फिरवणं, नाहीतर लग्नानंतरची पहिली भटकंती, काही ना काही निमित्ताने लेणी पाहून झालेली असतात. पण याच लेण्यांवरून सप्टेंबर १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात एक बॅले सादर झाला होता, हे अनेकांना माहीत नसतं. त्याचं नाव होतं ‘अजिंठाज फ्रेस्कोज’, म्हणजे अजिंठ्याची भित्तिचित्रं. तो रंगमंचावर आणणाऱ्या ॲना पावलोव्हा त्या काळातल्या जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नर्तिका होत्या. रशियातल्या या कलाकाराचा अजिंठ्याशी संबंध कसा आला आणि त्यातून भारतीय नृत्याला काय मिळालं, हे समजून घेऊ.

बॅले म्हणजे नेमकं काय?

बॅले म्हणजे संवाद नसलेलं नृत्यनाट्य. गोष्ट सांगायची ती शरीराने, संगीताने, नेपथ्याने आणि प्रकाशाने. इटली आणि फ्रान्सच्या राजदरबारांत हा प्रकार वाढला आणि १९व्या शतकात रशियात त्याने शिखर गाठलं. शरीर जमिनीपासून वर, हलकं दिसावं, हा त्याचा मुख्य आग्रह असतो. म्हणून नर्तिका खास बूट घालून पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात. आपल्या बहुतेक शास्त्रीय नृत्यांत नेमकं उलट असतं. तिथे तळपाय जमिनीवर आपटून ताल धरला जातो.

गरीब घरातली मुलगी या रंगभूमीवर कशी पोहोचली?

ॲना यांचा जन्म फेब्रुवारी १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. लहानपणीचा बराच काळ आजीकडे गेला. आईने त्यांना मारिन्स्की नाट्यगृहात ‘द स्लीपिंग ब्युटी’ हा बॅले दाखवला आणि आपणही हेच करायचं, असं त्या मुलीने ठरवलं. शाही बॅले शाळेने आधी वय कमी म्हणून परत पाठवलं. १० व्या वर्षी, १८९१ मध्ये प्रवेश मिळाला.

शाळेतही सोपं नव्हतं. त्या काळी मजबूत, भरीव बांध्याच्या नर्तिकांची चलती होती. एका पायावर सलग ३२ गिरक्या घेणाऱ्या इटालियन नर्तिका प्रेक्षकांना वेड लावत होत्या. ॲना मात्र सडपातळ, नाजूक. पायाची कमान इतकी उंच की बोटांच्या टोकावर सगळा भार पेलणं अवघड जायचं. त्यांनी बुटाच्या तळात कडक चामडं घातलं आणि टोक घट्ट करून घेतलं. त्यामुळे पायाला आधार मिळाला. काहींनी याला लबाडी म्हटलं, पण आज जगभरच्या नर्तिका वापरतात त्या बुटांच्या घडणीत या बदलाचा वाटा मानला जातो. कसरतीच्या मागे लागू नकोस, नाजूकपणा हीच तुझी ताकद आहे, हे शिक्षकांनीही त्यांना पटवलं. १८९९ मध्ये शिक्षण संपलं आणि १९०६ मध्ये त्या मारिन्स्कीच्या प्रमुख नर्तिका झाल्या.

‘द डाइंग स्वान’मध्ये एवढं काय होतं?

पावलोव्हा हे नाव कायमचं जोडलं गेलं ते एका मरणाऱ्या हंसाशी. नृत्यदिग्दर्शक मिखाईल फोकीन, संगीत फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांचं. नृत्य जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. उड्या नाहीत, गिरक्यांची कसरत नाही. बोटांवर बारीक बारीक पावलं, पंखांसारखे हलणारे हात आणि हळूहळू जमिनीवर कोसळणारं शरीर, एवढंच. नेपथ्यही जवळपास नाही. त्यामुळे बॅलेची काहीच माहिती नसलेल्या प्रेक्षकालाही ते कळायचं. त्यांच्या या नृत्याचं मूक चित्रीकरण आजही उपलब्ध आहे.

प्रतिष्ठेची नोकरी सोडून गावोगावी का फिरल्या?

१९०९ मध्ये दियागिलेव यांच्या प्रसिद्ध ‘बॅले रूस’ मंडळीबरोबर त्या पॅरिसला नाचल्या. पण त्या मंडळींचा नव्या संगीताकडचा ओढा त्यांना मानवला नाही. स्ट्राविन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’मधली भूमिकाही त्यांनी नाकारली. पुढे १९१२ मध्ये लंडनमध्ये ‘आयव्ही हाऊस’ हे घर घेतलं, तिथल्या तळ्यात हंस पाळले आणि स्वतःची मंडळी उभी केली.

यानंतरची जवळपास २० वर्षं त्या फिरतीवर होत्या. युरोप, अमेरिका, दक्षिण अमेरिका, जपान, भारत, इजिप्त, ऑस्ट्रेलिया. बोटीने, रेल्वेने, पडदे आणि पेटारे घेऊन. जिथे बॅलेचं नाट्यगृह नाही, तिथे मिळेल त्या रंगमंचावर प्रयोग. यावर टीकाही झाली. दियागिलेव यांच्याकडे पिकासोसारखे चित्रकार नेपथ्य करत होते, तर पावलोव्हांचं संगीत आणि नेपथ्य जुन्या वळणाचं राहिलं, असं जाणकार म्हणत. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण राजधान्यांतल्या मोजक्या रसिकांची कला त्यांनी जगभरच्या साध्या प्रेक्षकांपर्यंत नेली, हेही तितकंच खरं.

भारतात त्यांना काय दिसलं?

१९२२-२३ च्या आशिया दौऱ्यात त्या भारतात आल्या. त्यांना इथलं नृत्य समजून घ्यायचं होतं, पण नावाजलेलं भारतीय नृत्य पाहायला मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. १८९०च्या दशकापासून नाचगाण्याविरुद्ध मोहीम सुरू होती. पिढ्यान्‌पिढ्या नृत्य जपणाऱ्या देवदासी आणि तवायफ स्त्रिया बदनाम ठरल्या होत्या. सुशिक्षित घरातल्या मुलीने नाचणं कल्पनेपलीकडचं होतं. मराठी संगीत नाटक तेव्हा ऐन भरात होतं, पण त्यातल्या नायिकाही बालगंधर्वांसारखे पुरुष साकारत होते.

नृत्य दिसलं ते दगडात आणि चित्रांत. या दौऱ्यात त्यांनी अजिंठा पाहिला. तेव्हा लेणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रांच्या जतनाचं काम नुकतंच केलं होतं. लेणी क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाच्या चित्रात वादकांच्या घोळक्यात नाचणारी एक नर्तिका आहे. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची.

अजिंठा रंगमंचावर कसा आला?

परतल्यावर ‘अजिंठाज फ्रेस्कोज’ तयार झाला. नृत्यदिग्दर्शन इवान क्लुस्टिन यांचं, संगीत निकोलाय चेरेप्निन यांचं. दोघेही रशियन. म्हणजे लंडनने पाहिला तो युरोपच्या नजरेतला अजिंठा होता. भारतीय नृत्याचं व्याकरण त्यात शोधण्यात अर्थ नाही.

पण त्याच हंगामात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. लंडनमध्ये चित्रकला शिकणारा एक भारतीय तरुण त्यांना भेटला, उदय शंकर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही शिकलेला. नृत्याचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. पावलोव्हांनी त्याच्याकडून ‘हिंदू वेडिंग’ आणि ‘कृष्ण अँड राधा’ ही दोन नृत्यं बसवून घेतली. दुसऱ्यात तो कृष्ण झाला आणि जगप्रसिद्ध पावलोव्हा राधा.

त्यातून भारताला काय मिळालं?

उदय शंकर त्यांच्याबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्यांना बॅले शिकवण्याऐवजी पावलोव्हांनी आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितलं. पुढे त्यांनी आधुनिक भारतीय नृत्याचा पाया घातला आणि १९३८ मध्ये अल्मोड्याला केंद्र काढलं. गुरुदत्त आणि जोहरा सेहगल यांचा या केंद्राशी जवळचा संबंध. तिथूनच आलेले शांती बर्धन आणि सचिन शंकर यांनी नंतर मुंबईत बॅलेच्या संस्था उभ्या केल्या.

पावलोव्हा पुन्हा भारतात आल्या तेव्हा, १९२८ मध्ये, मुंबईत त्यांचा प्रयोग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींची ओळख वाढली. त्यांनाही पावलोव्हांनी तोच सल्ला दिला. रुक्मिणीदेवी भरतनाट्यम शिकल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी चेन्नईत कलाक्षेत्र स्थापन केलं. मात्र श्रेय वाटताना एक गोष्ट विसरता येत नाही. ही कला तोवर जिवंत ठेवली होती ती त्याच बदनाम झालेल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या गुरूंनी.

शेवट कसा झाला?

जानेवारी १९३१ मध्ये दौऱ्यावर असताना त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. २३ जानेवारीला नेदरलँड्समधल्या हेग इथल्या हॉटेलात त्यांचं निधन झालं. पन्नाशीला तीन आठवडे बाकी होते. त्यानंतरच्या ठरलेल्या प्रयोगात हंसाचं संगीत वाजलं, पडदा वर गेला आणि रिकाम्या रंगमंचावर फक्त प्रकाशाचा झोत फिरत राहिला.

खान्देशासाठी ही गोष्ट का महत्त्वाची?

कारण हा प्रश्न अजून संपलेला नाही. यात्रेत रात्रभर तमाशा पाहून शिट्ट्या मारणारं गाव दिवसा त्याच कलावंत बाईला घरात बसवून चहा देईलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वी भित्तिचित्रातल्या नर्तिकेचं कौतुक आणि प्रत्यक्ष नाचणारीची अवहेलना एकाच वेळी चालू होती. परक्या देशातल्या एका कष्टकरी बाईच्या मुलीने ते चित्र पाहिलं आणि भारतीय तरुणांना त्यांच्याच कलेकडे परत पाठवलं.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर लेणी क्रमांक १ मध्ये थोडं थांबा. उजेड कमी असतो आणि फ्लॅशला बंदी आहे, त्यामुळे डोळे सरावायला वेळ द्या. आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर ती नर्तिका आहे.