नऊ आण्यांचे पुस्तक

सुरतेच्या न्यायालयात १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते. बाळंत झाल्यावर लोकलज्जेपायी तिने पोटचे मूल मारले, असा तिच्यावर आरोप होता. गुन्हा शाबीत झाला आणि फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला गुजरातेतला, पण त्याचा गवगवा महाराष्ट्रभर झाला. पुण्यातून निघणारे ‘पुणे वैभव’ हे जुन्या वळणाचे पत्र. त्याने या निमित्ताने साऱ्या बायकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. गुन्हा एकीचा आणि बोट सगळ्यांकडे.

या लिखाणाला उत्तर आले ते आपल्या विदर्भातून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते दिले आणि तेही एक आख्खे पुस्तक लिहून. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्याचे नाव. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. भारतातल्या स्त्रीवादी विचाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना आज या छोट्या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. वऱ्हाड त्या वेळी नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. आपला हा झाडीचा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात, मध्य प्रांतात मोडत होता. चार भावांत ताराबाई एकटीच मुलगी. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी या घराचा संबंध होता. गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून वडिलांनीच मुलीला घरी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. त्या काळच्या मराठा घरात ही साधी गोष्ट नव्हती.

शिकवले खरे, पण लग्न मात्र रीतीप्रमाणे लहान वयातच झाले. एवढेच की मुलगी सासरी गेली नाही, नवराच घरजावई म्हणून आला. त्यांना मूलबाळ झाले नाही. पुढे वैधव्य आले, पण ताराबाईंनी दुसरे लग्न केले नाही. त्या घोड्यावर बसत, स्वभावाने करारी होत्या, अशा आठवणी बुलढाण्यात पुढे बरीच वर्षे सांगितल्या जात. एवढे असूनही बाई घराच्या उंबऱ्याआतच होती. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. मराठ्यांच्या चालीप्रमाणे आपण घरात कोंडलेल्या, लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न, तेव्हा भाषा कुठे कडक झाली तर वाचकांनी समजून घ्यावे, असा त्या प्रस्तावनेचा आशय आहे.

भाषा कडक झाली आहेच. पुस्तकाच्या लांबलचक नावात स्त्री आणि पुरुष यांत साहसी कोण, हा प्रश्न आहे. आज साहस म्हटले की आपल्याला गिर्यारोहण आठवते. इथे त्याचा अर्थ आहे मागचापुढचा विचार न करता केलेले दुष्कृत्य. भर्तृहरीचा एक संस्कृत श्लोक आहे, त्यात स्त्रीच्या दोषांची मोठी यादी दिलेली आहे. संशयाचा भोवरा, कपटाची खाण, साहसाचे गाव असे बरेच काही. शतकानुशतके पंडित हा श्लोक म्हणत आले. ताराबाईंनी तो समोर ठेवला आणि एकेक दोष उचलून पुरुषाच्या पारड्यात टाकून पाहिला. कपट कोणात जास्त? दारू, जुगार, लाच, फसवणूक कोण करतो? तुरुंग कोणी भरले आहेत? दरवेळी काटा कुठे झुकतो, हे त्या वाचकालाच बघायला लावतात.

बायका धुतल्या तांदळासारख्या आहेत, असे त्या कुठेही म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की दोष माणसाचे असतात, आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तो स्वतःचे झाकून दुसऱ्याचे मोजतो. विधवेला गोड बोलून फशी पाडणारा पुरुष हात झटकून निघून जातो. पोट तिचे वाढते, नाव तिचे निघते आणि कोर्टात तीच उभी राहते. विजयालक्ष्मीच्या खटल्याकडे असे बघायला हवे, ही त्यांची मागणी होती. गुन्हा त्यांनी नाकारला नाही. गुन्ह्याकडे ढकलणारे हात मात्र दाखवले.

वैधव्यावर त्या फार पोटतिडकीने लिहितात. बायको मेली की नवऱ्याला दुसरी करायला दिवसही मोजावे लागत नाहीत. नवरा मेला की बाईचे केस, कुंकू, बांगड्या, चांगले कपडे आणि शुभकार्यातली जागा एका दिवसात जाते. मग नवरा मेल्याचे पाप फक्त बाईचेच कसे? सत्यवानासाठी यमाच्या मागे गेलेली सावित्री सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोचे प्राण मागायला यमाच्या दारी गेलेला एखादा तरी नवरा पुराणात आहे का, असा साधा प्रश्न त्या विचारतात. नवऱ्याला देव मानायचे तर नवऱ्याने देवासारखे वागायला नको का, हाही त्यांचाच प्रश्न. बूट-टोपी घालून स्वतः साहेबासारखे मिरवणारे सुधारक घरातल्या बाईचे काही बदलायचे म्हटले की धर्म पुढे करतात, यावरही त्यांनी कोरडे ओढले आहेत.

यात जातीचीही गोष्ट आहे. आपल्या भागात गोंड समाजात आणि कुणब्यांत विधवेचा पाट लावण्याची वाट पूर्वीपासून होती. उच्च म्हणवणाऱ्या घरांत ती बंद होती, आणि इज्जत वाढवायची म्हणून इतर जातीही ती बंद करू लागल्या. घराण्याच्या मोठेपणाची किंमत घरातल्या बाईकडून वसूल होते, हे ताराबाईंनी मराठा घरात राहून ओळखले होते.

पुस्तक निघाले आणि टीका सुरू झाली. सनातनी मंडळी चिडली, यात नवल नव्हते. दुखणारी गोष्ट ही की सुधारणेच्या चळवळीतल्या काही पुरुषांनाही ते झोंबले. तेव्हा जोतीराव फुले उभे राहिले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी आपल्या लेकीसारख्या ताराबाईंची बाजू घेतली आणि नाके मुरडणाऱ्या स्वकीयांना सुनावले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसलेल्या विधवेने तिथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल मारू नये. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. सुरतेच्या विजयालक्ष्मीला असे एखादे दार उघडे असते तर कदाचित दोन जीव वाचले असते.

त्यानंतर मात्र ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तकही विस्मरणात गेले. अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले, ते १९७५ साली. मधली ९३ वर्षे मराठी वाचकाला हे पुस्तक जवळजवळ ठाऊकच नव्हते. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे बुलढाण्याची ही बाई जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली.

उर्दू वाचताना मला या पुस्तकाची आठवण दोन ठिकाणी होते. लाहोरच्या मौलवी सय्यद मुमताज अली यांनी ‘हुकूक-ए-निस्वाँ’, म्हणजे स्त्रियांचे हक्क, हे पुस्तक लिहिले. पुरुष जन्मानेच श्रेष्ठ, या समजुतीचे एकेक कारण घेऊन त्यांनी ते धर्मग्रंथाच्या आणि बुद्धीच्या आधारे खोडले. सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या थोर सुधारकाला हस्तलिखित दाखवले तर तेही संतापले. अखेर सर सय्यद यांच्या निधनानंतर १८९८ मध्ये ते छापले गेले. दुसरी आठवण डॉ. रशीद जहाँ यांची. १९३२ साली लखनौहून निघालेल्या ‘अंगारे’ या कथासंग्रहात त्या एकट्याच लेखिका होत्या. गहजब झाला, धमक्या आल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारने पुस्तकावर बंदी घातली. लिपी बदलली, धर्म बदलला, पण बाईने लेखणी उचलल्यावर उठणारा गलका तोच राहिला.

रमजानच्या दिवसांत ताराबाईंची आठवण काढण्याचे कारण आहे. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो. कोणाच्या पाठीमागे वाईट बोलणे, म्हणजे गीबत, आणि खोटा आळ घेणे, यांनी रोज्याचे पुण्य वाहून जाते, असे घराघरांत शिकवले जाते. पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, नाही तर शिक्षा त्यालाच, असा कुरआनचा दंडक आहे. जन्मलेल्या मुलीला जिवंत पुरण्याच्या चालीवरही त्यात कठोर शब्द आहेत. आणि तरी बाईबद्दल कुजबुज सुरू झाली की आमच्याही मोहल्ल्यात साक्षीदार कोणी मागत नाही. हे दुखणे कुठल्या एका धर्माचे नाही.

‘पुणे वैभव’ने जे केले ते आज मोबाइलवर एका बोटाने होते. एकाने गुन्हा करावा आणि त्याची जात, त्याची जमात, त्याचा सारा मोहल्ला गुन्हेगार ठरावा. मुसलमानाला हे ठाऊक आहे, पारध्याला ठाऊक आहे. आणि जिल्ह्याबाहेर गडचिरोलीचे नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे तर कुरखेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याच्यावर सरसकट बोट उगारले गेले आहे, त्याला ताराबाईंचा राग समजावून सांगावा लागत नाही. आपलेच बोट दुसऱ्यावर उठते तेव्हा मात्र तो आठवावा लागतो.

बायकांच्या बाबतीत तर काम अजून बाकी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षे झाली होती.

‘स्त्री-पुरुष तुलना’ आज सहज मिळते. लहानसे पुस्तक आहे, दोन बैठकांत वाचून होते. अस्र आणि मगरिबच्या मधला वेळ रोजेदाराला लांब वाटतो. बायका तेव्हा चुलीपाशी असतात, भजी तळत असतात, शरबत ढवळत असतात. त्या तासाभरात घरातल्या पुरुषांनी हे पुस्तक हातात घ्यावे, आणि जमले तर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मोठ्याने वाचावे.